सोनटक्का पुरुषभर वाढतो, पण फुलत नाही

पर्वरीच्या परसातला तुमचा सोनटक्का दोन वर्षं नुसता पानांनी माजलाय, एक कळी नाही, असं तुम्ही लिहिलंत. हा ताप आमच्याकडेही होता, म्हणून लिहितो. फोटोत सगळे दांडे एका उंचीवर कापलेले दिसतात. दुखणं तिथंच आहे.

सोनटक्क्याचा दांडा आडवा कापून बघा. आत लाकूड नाही, केळीसारख्या पानांच्या गुंडाळ्या. फुलांचा तुरा येतो तो टोकालाच. टोक गेलं की त्या दांड्याचं फूल गेलं. बाजूला फांदी फुटत नाही. एप्रिल-मेमध्ये वर आलेले कोंब चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास फुलतात, आणि आपण जुलैत 'रान माजलं' म्हणून कोयता चालवतो.

यात मदतीचं म्हणून जे कृषी कार्यालय असतं, तिथला सल्ला ऐकाल तर संपलंच. जास्वंद, मोगरा, सोनटक्का, सगळ्यांना एकच उत्तर: छाटा आणि युरिया द्या. झाड कुठलं हे विचारतसुद्धा नाहीत! युरियाने पानं आणखी माजतात, दांडे लुसलुशीत होऊन पावसात आडवे पडतात. पडू लागले तर कापू नका. बांबूच्या काठ्या रोवून सुंभाने सैल बांधा. फुलून गेलेला दांडा मात्र जमिनीलगत कापायचा.

खत म्हणून मेअखेर चौरस मीटरला घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर राख पुरे. गर्द आंब्याखाली असेल तर जागा बदला, सकाळचं ऊन हवंच. पावसाळ्यानंतर न्हाणीचं पाणी चालतं, साबण फार नसेल तर. बुडाशी नारळाची सोडणं पसरली की ओल टिकते. पण जांभ्यात खड्डा खणून लावलं असेल तर पावसात पाणी तुंबून कंद कुजतो, तेव्हा उंचवटा करा.

तीनेक वर्षांनी मधला गड्डा दाटतो. मेमध्ये उपसून, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे दोन-दोन फुटांवर लावा, वर जेमतेम दोन बोटं माती. खोल पुरू नका. कडेला चिरे उभे गाडले तर पसरणं जरा आवरतं (पूर्ण थांबेल असं नाही).

माझं मत फोटोवरून आहे. दांड्यात भोक आणि भुसा दिसला तर ती खोडकीड, तो दांडा कापून जाळा. उरलेले कंद व्हाळात (ओढ्यात) टाकू नका, ओल्या जागी ते रुजून काठ व्यापतात.