जर्नलच्या मागच्या पानावरचा तक्ता

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गुण चांगले आहेत. पदवीनंतर एमपीएससी करावी म्हणून पुण्याच्या क्लासची फी मी भरून ठेवली आहे. ती मात्र म्हणते, धर्म, तेल आणि खनिजे यांमुळे देश का पेटतात हे मला शिकायचे आहे. सगळी भांडणे शेवटी धर्माचीच असतात, त्यात शिकायचे काय? तिच्या जर्नलच्या मागच्या पानाचा फोटो पाठवत आहे, म्हणजे वेळ कसा वाया जातो ते कळेल. हे पत्र तिला माहीत नाही.
– एक सराफ, गुजरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातली दोन वाक्ये वाचून मला काळजी वाटली. फी भरून ठेवली आहे, आणि पत्र तिला माहीत नाही. सज्ञान मुलीच्या पुढच्या काही वर्षांचा निर्णय तिच्या मागे घेतला गेला आणि तिची वही तिला न विचारता उघडून तिच्याच विरोधातला पुरावा म्हणून माझ्याकडे पाठवली गेली, हे मला अजिबात पटलेले नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी मुली ‘बाबा म्हणतील ते’ एवढेच बोलतात आणि त्यांच्या मनातले काढून घ्यायला मला दोन-तीन भेटी लागतात. आपल्या मुलीने ते आपल्याला स्वतःहून, स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. ही संधी आपण क्लासच्या पावतीखाली दडपू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता त्या फोटोविषयी. मी तो मोठा करून सावकाश वाचला. पाच ओळी आहेत : सुदान, सिएरा लिओन, इंडोनेशियातील आचे, बोट्सवाना आणि नॉर्वे, आणि रकाने आहेत संपत्ती, ती सापडल्याचे वर्ष, धर्म आणि युद्ध. नॉर्वेच्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘तेल १९६९, संविधान १८१४. आधी काय आले यावर ठरते का?’ तेल येण्यापूर्वी कायदा, संसद आणि हिशेब तपासणारी यंत्रणा भक्कम असेल तर पैसा देशाला फोडत नाही का, हा वाद या विषयातले अभ्यासक आजही घालत आहेत. त्या प्रश्नाशी ती एकटी, वहीच्या मागच्या पानावर पोहोचली आहे.

‘सगळी भांडणे धर्माचीच’ हा आपला समज तिच्याच तक्त्यावर तपासून पाहू. सुदानच्या उत्तरेत मुस्लिम बहुसंख्य, दक्षिणेत ख्रिस्ती आणि पारंपरिक श्रद्धा मानणारे लोक. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेत तेल सापडले. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी दक्षिणेची स्वायत्तता मोडून देशभर शरिया कायदा लागू केला आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. धर्मयुद्ध म्हणावे असेच ते दिसत होते. पण २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि अडीच वर्षांच्या आतच, डिसेंबर २०१३ मध्ये, तिथल्या ख्रिस्ती नेत्यांचेच दोन गट एकमेकांवर तुटून पडले, आणि तेलक्षेत्रांसाठीही लढाया झाल्या. आचेमध्ये तर बंडखोर आणि सरकार दोघेही बहुतांशी मुस्लिम. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्या बंडात नैसर्गिक वायूचा पैसा राजधानी जकार्ताला जातो ही मोठी तक्रार होती, आणि २००५ च्या हेलसिंकी करारात तेल-वायूच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा आचेला देण्याचे ठरले. याचा अर्थ धर्म निमित्तमात्र असतो असा मुळीच नाही. धर्मामुळे माणसे जमतात, मरायला तयार होतात, आणि मुख्य म्हणजे तडजोड अवघड होते, कारण उत्पन्न टक्क्यांत वाटता येते, पण कोणाचा धर्मकायदा चालणार हे तसे वाटता येत नाही.

सिएरा लिओनची ओळ तर आपल्या दुकानापर्यंत येते. १९९१ ते २००२ या युद्धात बंडखोरांनी नदीकाठच्या गाळातले हिरे फावडे आणि चाळणीने काढून शस्त्रे विकत घेतली, आणि अशा युद्धांमुळेच २००३ पासून कच्च्या हिऱ्यांसाठी किंबर्ली प्रमाणपत्राची, म्हणजे हिरे बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे नाहीत असे प्रमाणित करण्याची, पद्धत आली. हिऱ्यांच्या बिलावर ‘संघर्षाशी संबंध नाही’ अशा आशयाची ओळ आपण पाहिली असेल. गुजरीत वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

एमपीएससीबद्दल एवढेच : तिला स्वतःला हवी असेल तेव्हा ती देता येईल. तिने संख्याशास्त्र मात्र मुळीच सोडू नये. स्वीडनचे उप्साला विद्यापीठ वर्षाला किमान २५ मृत्यू हा निकष लावून जगभरच्या सशस्त्र संघर्षांची आकडेवारी ठेवते. ती मोफत मिळते आणि तिचे विश्लेषण करायला आपल्या मुलीसारखीच माणसे लागतात. पदवीनंतर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाकडे जाता येईल, नाहीतर पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. पुढे नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. वाट लांब आहे, नोकऱ्या मोजक्या आहेत आणि तिशीपर्यंत पगार स्थिर नसण्याची शक्यता आहे, हे तिलाही ठाऊक असले पाहिजे. म्हणून आकडेवारीवर चालणाऱ्या नोकरीची तयारी तिने सोबत ठेवावी.

क्लासकडे फी परतीची चौकशी या आठवड्यातच करा. आणि या पत्राविषयी तिला आपण स्वतः सांगा, वही उघडल्याबद्दलही. तिच्या तक्त्यात दक्षिण सुदानची वेगळी ओळ नाही; ती का नाही, हे मला तिच्याकडून ऐकायचे आहे. पुढच्या भेटीला तिला घेऊन या, आणि बोलू तिलाच द्या.