पियानोवर तयार झालेल्या हातांसाठी डिजिटल: आधी पट्ट्या, मग पेडल, आवाज सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेस्टर्न क्लासिकलच्या आठही ग्रेड अपराइट (उभ्या) पियानोवर झाल्या, आता पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहता, खरा पियानो वर चढवणं शक्य नाही. सगळं मिळून एक लाखाच्या आत बसवायचंय. दुकानदार शेकडो टोन आणि ऱ्हिदमवाला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड सुचवतोय, तुमचं मात्र यामाहा पी-२२५ घ्यावा की रोलँड एफपी-३०एक्स, या दोन डिजिटल पियानोंपैकी कोणता, हे ठरत नाहीये. सोबत काय काय घ्यावं, हेही विचारलंय.

६१ पट्ट्यांचा विचार सोडून द्या. ते वाद्य वाईट नाही, ऑर्केस्ट्रात आणि भजनी मंडळात त्याचा उत्तम उपयोग होतो. पण त्याच्या पट्टीखाली स्प्रिंग असते, हातोडी नसते. मोझार्टच्या काळातले पियानोही पाच सप्तकांचेच होते, तेव्हा पट्ट्यांची संख्या ही दुय्यम गोष्ट. वर्षानुवर्षं बोटांनी वजन सोडायला शिकलेल्या माणसाने स्प्रिंगवर रोज दोन तास रियाज केला तर हात वेगळंच काहीतरी शिकतो, ही माझी खरी भीती आहे.

खरेदीचं माझं सूत्र एकच आहे. डिजिटलमध्ये आवाज नंतर बदलता येतो, पट्ट्या बदलता येत नाहीत. स्पीकर आवडले नाहीत तर हेडफोन लावाल, आतला पियानोचा टोन आवडला नाही तर लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर जोडाल. अ‍ॅक्शन (पट्टीखालची यंत्रणा) मात्र घेतली ती घेतली. म्हणून दुकानात गेल्यावर आधी आवाज पूर्ण बंद करा आणि दहा मिनिटं मुक्या पट्ट्यांवर वाजवा. आवाज चालू असला की कान भुलतात.

काय तपासायचं ते कळण्यासाठी आत काय चालतं ते बघू. ग्रँड पियानोत हातोडी तारेच्या अगदी जवळ पोचली की सुटते आणि शेवटचं अंतर स्वतःच्या वेगाने जाते. सेबास्तियां एरारने १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या दुहेरी एस्केपमेंटमुळे पट्टी पूर्ण वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. डिजिटलमध्ये तार नाही. पट्टी एक वजनदार दांडी उचलते आणि सेन्सर दोन बिंदूंमधला वेळ मोजतात. वेळ कमी लागला तर जोरात, जास्त लागला तर हळू. दोनच सेन्सर असतील तर पट्टी बऱ्यापैकी वर आल्याशिवाय पुढचा स्वर धड वाजत नाही. तिसरा सेन्सर ती अडचण बरीच दूर करतो.

याची परीक्षा मी शोपँच्या ई मायनर प्रिल्यूडवर, ओपस २८ क्रमांक ४ वर घेतो. डाव्या हाताचे कॉर्ड पट्ट्या जेमतेम उचलून, अगदी हळू, एकसारखे वाजवा. मधलाच एखादा स्वर गळाला किंवा अचानक ओरडला तर ते वाद्य तुमच्यासाठी नाही. जलद पुनरावृत्तीसाठी स्कार्लाटीची के. १४१ सोनाटा आहेच, पण मला हळू कॉर्ड जास्त खरं सांगतात.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात शोधूनही सापडत नाही: पट्टीची आतली लांबी. ग्रँडची पट्टी आपल्याला दिसते त्याच्या कितीतरी मागे जाते, ती जिथे टेकून हलते तो टेकू दूर असतो. लहान डिजिटलमध्ये तो टेकू काळ्या पट्ट्यांच्या थोडाच मागे येतो. परिणाम असा, की पांढरी पट्टी काळ्यांच्या मधल्या अरुंद भागात दाबली की जड लागते. सी मेजर स्केल वाजवून हे कधीच कळणार नाही. शोपँ शिष्यांना आधी बी मेजर स्केल देत असे, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात. तुम्हीही दुकानात बी मेजर वाजवा, मग एफ शार्प मेजरमधलं काहीतरी, आणि अंगठा आत गेल्यावर किती जोर लागतो ते बघा.

आता तुमचे दोन पर्याय. पी-२२५ मध्ये यामाहाची जीएचसी ही आटोपशीर अ‍ॅक्शन आहे. ती हलकी, नेटकी आहे, पण आत वाजवताना मला ती जड होत जाते. एफपी-३०एक्समध्ये पीएचए-४ स्टँडर्ड आहे: तीन सेन्सर, एस्केपमेंटचा हलकासा खटका, आणि घामेजल्या बोटांना धरणारा खरबरीत पृष्ठभाग. यामाहाच्या ग्रँडचा टोन पी-२२५ मध्ये छान उतरलाय, कदाचित तो तुम्हाला पहिल्या मिनिटात जास्त आवडेलही. तरी तुमच्या तयारीच्या वादकाला मी एफपी-३०एक्सच सांगेन. वर्षा-दोन वर्षांनी घर बदलणार असाल आणि वाद्य एकट्याने उचलायचं असेल तर मात्र विचार करा: पी-२२५ साडेअकरा किलोचं आहे, एफपी-३०एक्स पावणेपंधरा. बजेट पुढेमागे वाढलं तर कवाईचं ईएस९२० आणि यामाहाचं पी-५२५ ही वरची पायरी. तिथे फरक बोटांना लगेच जाणवतो. पॉलिफनीच्या, म्हणजे एका वेळी किती स्वर वाजू शकतात त्याच्या, आकड्यांत अडकू नका. यामाहात १९२ आहेत, रोलँडमध्ये २५६, दोन्ही पुरेसे.

पेडलवर, म्हणजे पट्टी सोडल्यावरही स्वर घुमत ठेवणाऱ्या पायाच्या दांडीवर, जरा थांबतो, कारण इथेच लोक पैसे वाचवतात. खोक्यात बऱ्याचदा छोटं चौकोनी पेडल येतं. ते म्हणजे निव्वळ स्विच: चालू नाहीतर बंद. आपण मात्र पेडल अर्धं, पाव, थरथरतं वापरतो. देब्युसी तर सोडाच, बीथोव्हनच्या ओपस २७ क्रमांक २ ची पहिली मूव्हमेंट आजच्या लांब घुमणाऱ्या आवाजावर अर्ध्या पेडलशिवाय स्वच्छ वाजत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी हाफ-पेडल ओळखणारं पेडल घ्या: रोलँडला डीपी-१०, यामाहाला एफसी३ए. एका कंपनीचं पेडल दुसऱ्याला लावू नका, कधी ते उलटं चालतं, कधी अर्धं पेडल ओळखलंच जात नाही. फरशीवर ते पुढे सरकत जातं, खाली रबरी मॅटचा तुकडा ठेवा. ऊना कोर्दा (आवाज मऊ करणारं) आणि सोस्तेनूतो (त्या क्षणी दाबलेलेच स्वर धरून ठेवणारं) ही पेडलंही हवी असतील तर तीन पेडलांचं युनिट मिळतं: एफपी-३०एक्सला केपीडी-७०, पी-२२५ ला एलपी-१. रोलँडचं युनिट त्याच्याच केएससी-७० या लाकडी स्टँडवर बसतं, तेव्हा दोन्हींचा खर्च एकदम धरा.

स्टँड कुठलाही घ्या, फक्त इंग्रजी एक्सच्या आकाराचा नको. फोर्टिसिमो (खूप जोरात वाजवलेल्या) कॉर्डला तो हलतो, आणि गुडघे त्यात अडकतात. जमिनीपासून पांढऱ्या पट्टीचा वरचा भाग साधारण ७२ ते ७४ सेंटीमीटर यावा, म्हणजे खऱ्या पियानोवर बसल्यावर हात गोंधळणार नाही. बैठक उंची बदलता येणारी हवी. जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि खाली उशी हा प्रकार मनगटाला महागात पडतो.

आवाजाची पातळी हा फ्लॅटमधला सगळ्यात मोठा प्रश्न. शेजाऱ्यांच्या भीतीने आपण आवाज बारीक करतो, मग ऐकू यावं म्हणून हात आपटतो. सहा महिन्यांनी खऱ्या पियानोवर बसलं की पियानिसिमो (अगदी हळू वाजवणं) सापडतच नाही. म्हणून तुमच्या बाईंच्या किंवा सरांच्या अपराइटवर तुमचा फोर्टे (जोराचा आवाज) कसा भरतो ते आठवून आवाज तेवढाच लावा, तिथे खूण करा, आणि त्याखाली जायचं असेल तर हेडफोन घाला. हेडफोन वायरचाच. ब्लूटूथमध्ये आवाज बोटामागून येतो आणि लय बिघडते. मागून उघडी असलेली जात कानाला तासन्‌तास मोकळी वाटते. त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर बंद घ्या. आणि हेडफोन लावले म्हणजे खालच्या मजल्यावर शांतता, असं समजू नका. पट्ट्यांची धपधप स्टँडमधून स्लॅबमध्ये उतरते. स्टँडच्या पायांखाली जाड रबर आणि त्यावर सतरंजी असा थर द्या.

सॉफ्टवेअरचं आत्ता नको. वर्षभराने आतला टोन पुरेसा वाटेनासा झाला, तर पियानोटेकसारखं सॉफ्टवेअर ऐकून बघा. ते रेकॉर्ड केलेले नमुने वाजवत नाही, तार, हातोडी आणि साउंडबोर्ड यांचं गणित जागच्या जागी सोडवतं. जोडायला प्रिंटरला लागते तीच यूएसबी केबल पुरते. वाद्यातला ‘लोकल कंट्रोल’ (पट्ट्यांनी वाद्याचा स्वतःचा आवाज वाजवण्याची सोय) बंद करा, नाहीतर दोन पियानो एकदम वाजतात.

सेकंडहँड मिळत असेल तर जरूर बघा, पण खालच्या टोकापासून वरपर्यंत ८८ ही पट्ट्या एकाच हळू स्पर्शाने वाजवून. मध्येच एखादी दणकन वाजली तर तिच्याखालचा रबरी कॉन्टॅक्ट गेलाय किंवा त्यात धूळ बसलीये. हे मधल्या सप्तकात जास्त होतं. दुरुस्त होतं, पण किमतीतून ते वजा करून घ्या. अडॅप्टर मूळ कंपनीचाच आहे ना, तेही बघा.

घरी आणल्यावर टच सेटिंग (किती जोराला किती आवाज यावा ते ठरवणारं) आठवडाभर मध्यमवर ठेवा. लगेच ‘लाइट’ करायचा मोह होईल, कारण ओळखीचा वळणदार आवाज मिळत नाही आणि पट्टी जड वाटते. हाताला थोडा वेळ द्या. बाखसाठी ट्यूनिंग आजच्या ४४० वरून जुन्या, खालच्या ४१५ हर्ट्झच्या आसपास उतरवून बघा, दोन्ही वाद्यांत ते जमतं, आणि घरच्या अपराइटवर ते कधीच शक्य नव्हतं.

दुकानात जाताना स्वतःच्या नोटेशनची पुस्तकं घेऊन जा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, म्हणजे कुणी घाई करणार नाही. दोन्ही वाद्यांवर तोच तुकडा, त्याच उंचीच्या बैठकीवर वाजवा. एफपी-३०एक्सच्या पट्ट्या तुमच्या हाताला अजिबात पटल्या नाहीत तर माझं ऐकू नका, पी-२२५ घ्या. डीपी-१० ऐवजी एफसी३ए घ्यायला मात्र विसरू नका.