विणकाम प्रश्नोत्तरे : उन्हाळ्यासाठी क्रोशाचा हलका ड्रेस

होळीनंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लोकरीची जागा सुती दोरा घेतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे घरी विणायच्या ड्रेसविषयीची असल्यामुळे हा संपूर्ण भाग त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात मी स्वतःसाठी गुडघ्याखालपर्यंत येणारा क्रोशाचा ड्रेस विणला. दोरा चांगला सुती होता आणि वीण सगळीकडे सलग खांबांची होती. दोनदा धुतल्यावर तो चार बोटे लांब झाला, खांद्यांवर त्याचे ओझे जाणवू लागले आणि सुती असूनही त्यात उकडते. या वर्षी पुन्हा विणायचा आहे. दोरा किती जाड घ्यावा, किती लागेल आणि सुई कोणती वापरावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या ड्रेसचे तीनही दोष एकाच कारणातून आले आहेत, ते म्हणजे कापडाचे वजन. लोकरीच्या तंतूला निसर्गतःच नागमोडी वळण असते, त्यामुळे ताणलेले लोकरीचे विणकाम बऱ्याच अंशी मूळ जागी परत येते. सुताला अशी लवचीकता नसते. सुती ड्रेस खांद्यांवरून लटकतो तेव्हा घेराचे सगळे वजन वरच्या टाक्यांना खाली ओढते आणि एकदा ओढला गेलेला टाका आपणहून आखडत नाही. त्यातच धुतल्यावर ड्रेस दोरीवर वाळत घातला, की कापडाने धरून ठेवलेल्या पाण्याचे वजनही त्यात मिळते, आणि ते पाणी कापडाच्या स्वतःच्या वजनाइतके किंवा त्याहून अधिकही असू शकते. तुमचा ड्रेस बहुधा अंगावर कमी आणि दोरीवर जास्त लांबला आहे.

उकाड्याचेही तसेच आहे. सूत घाम शोषून घेते हे खरे, परंतु सलग खांबांची (खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) घट्ट वीण म्हणजे जाड कापड, आणि जाड कापडातून हवा खेळत नाही. नाशिकच्या कोरड्या उन्हात घाम लवकर सुकतो व त्या सुकण्यानेच अंगाला गारवा मिळतो, पण त्यासाठी वारा अंगापर्यंत पोहोचायला हवा. म्हणून हलका ड्रेस विणायचा असेल तर बारीक दोरा घ्यावा, त्या दोऱ्याला नेहमी वापरतो त्यापेक्षा अर्ध्या ते एक मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी आणि विणीत साखळ्यांची मोकळी जागा ठेवावी. चार पदरी बारीक सुती दोऱ्याला आपण एरवी ३ मिलिमीटरची सुई वापरतो. ड्रेसच्या घेरासाठी ३.५ किंवा ४ मिलिमीटरची घेऊन पाहावी. सुई विकत घेताना तिच्यावरच्या क्रमांकापेक्षा मिलिमीटरचे माप पाहावे, कारण पोलादी सुयांमध्ये क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होत जाते आणि तिथे अनेकींची फसगत होते.

दोरा किती लागेल, याचे उत्तर दुकानदाराला विचारू नये, काट्याला विचारावे. आधी १० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असा एक तुकडा विणावा, तो धुवावा, वाळवावा आणि मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा. तुकडा फार हलका असल्यामुळे एकाच विणीचे चार तुकडे एकत्र तोलून आलेल्या वजनाला चारने भागले, तर आकडा अधिक विश्वासार्ह मिळतो. आता ड्रेसचे क्षेत्रफळ काढावे. समजा, ढिलाईसकट छातीचा घेर ९६ सेंटिमीटर, खालचा घेर १३० सेंटिमीटर आणि उंची ९० सेंटिमीटर आहे. दोन्ही घेरांची सरासरी ११३ येते. तिला उंचीने गुणले की १०,१७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तुकड्यासारखे सुमारे १०२ तुकडे होतात. तुकड्याचे वजन ५ ग्रॅम भरले तर ड्रेस ५१० ग्रॅमचा होईल आणि ३ ग्रॅम भरले तर ३०६ ग्रॅमचा. हे २०० ग्रॅम दिवसभर खांद्यांवर वागवायचे आहेत की नाहीत, हे पहिली साखळी घालण्यापूर्वीच ठरवता येते, आणि माझ्या मते या ड्रेसमधला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. आलेल्या वजनात काठ, नाडी आणि उसवाउसवीसाठी दहा ते पंधरा टक्के भर घालावी आणि सगळा दोरा एकाच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, एकदमच घ्यावा.

या तुकड्याकडून आणखी एक काम करून घ्यायचे असते. त्याच विणीची हातभर लांबीची पट्टी विणून, ओली करून, तिच्या खालच्या टोकाला कपड्यांचे दोन-तीन चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवावी. सकाळी ती किती लांबली ते मोजावे. पट्टी ३० सेंटिमीटरची ३२ झाली असेल तर ९० सेंटिमीटरचा ड्रेस ९६ सेंटिमीटरपर्यंत जाणार, असे धरून ड्रेस उंचीला तितका आखूड विणावा. हा उपद्व्याप कंटाळवाणा वाटतो, याची मला कल्पना आहे; पण सहा आठवड्यांच्या कामापुढे एका रात्रीचा हिशेब फार मोठा नाही.

विणीची वाटणी मात्र सगळीकडे सारखी करू नये. खांदे आणि योक (गळ्यापासून छातीपर्यंतचा वरचा भाग) घट्ट विणावेत, तिथे अर्धे खांब किंवा सलग खांब शोभतात व वजनही पेलतात. छातीखाली वीण मोकळी करत न्यावी आणि घेरात एक खांब, एक साखळी अशी जाळी किंवा पंखे घ्यावेत. पुढचा व मागचा भाग वेगळे विणून खांद्यावर जोडणार असाल, तर त्या शिवणीच्या आत सुती फीत हाताने टाचून घ्यावी, म्हणजे खांदे उतरत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे हवा दमट असते आणि कपडे लवकर वाळत नाहीत. दुकानात मर्सराइज्ड कॉटन, बांबू आणि ॲक्रिलिक असे तीन प्रकारचे दोरे दाखवले. कोकणातल्या उन्हाळ्यासाठी कोणता निवडावा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ॲक्रिलिक बाजूला ठेवावे. तो तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. हिवाळ्यातल्या टोपीला तो चालतो, मे महिन्यातल्या ड्रेसला नाही. बांबूच्या नावाने मिळणारा दोरा बहुधा बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोज असतो. तो रेशमासारखा मऊ असतो आणि अंगाला गार लागतो, पण जड पडतो, सुताहून अधिक लोंबतो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद बरीच कमी होते. सुताचे याच्या उलट असते; ओले सूत कोरड्या सुतापेक्षा बळकट असते, म्हणूनच ते वर्षानुवर्षे धुणे सोसते. बांबूचा मोह आवरत नसेल, तर सूत आणि बांबू यांचे मिश्रण असलेला दोरा लहान टॉपसाठी वापरून पाहावा.

मर्सराइज्ड सूत म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेले सूत. ही प्रक्रिया इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांनी १८४४ साली शोधली आणि १८९० मध्ये होरेस लो यांनी ती सूत ताणून धरून केली, तेव्हा आज आपण पाहतो ती चमक त्याला आली. या सुताला रंग चांगला धरतो, त्यावर तूस कमी उठते आणि टाका सुबक दिसतो. प्रक्रिया न केलेले सूत अंगाला अधिक मऊ लागते. दमट हवेसाठी मी बारीक मर्सराइज्ड सूत आणि मोठी जाळी अशी जोडी सुचवीन, कारण तुमच्याकडे वाळण्याचा वेळ तंतूपेक्षाही कापडाच्या जाडीवर अवलंबून राहणार आहे. गडद तांबडा किंवा निळा रंग घेणार असाल, तर आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा.

प्रश्न : मला फक्त रुमाल आणि तोरणे विणता येतात. चार वर्षांच्या नातीसाठी फ्रॉक विणायची फार इच्छा आहे, पण मुंढा आणि गळा यांच्या घटवण्यांची भीती वाटते. शिवण न घालता फ्रॉक होईल का? (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : आजी, गोल रुमाल विणणाऱ्या हाताला गोल योकचा फ्रॉक अवघड नाही, कारण योक म्हणजे मध्ये गळ्याएवढे भोक असलेला रुमालच आहे. फरक इतकाच, की रुमाल टेबलावर सपाट बसावा म्हणून आपण दर फेरीत खांब वाढवतो, आणि योक खांद्यांवरून खाली उतरावा म्हणून वाढ काही फेऱ्या सोडून करतो. घटवण्या यात कुठेच येत नाहीत.

आकड्यांनिशी सांगते. तुमच्या तुकड्यात १० सेंटिमीटरमध्ये आडवे १४ खांब आणि उभ्या ८ ओळी बसत असतील, तर गळ्यासाठी ६० खांबांनी सुरुवात करावी. हा गळा सुमारे ४३ सेंटिमीटरचा होतो, आणि त्या वयाच्या मुलीच्या डोक्याचा घेर ५० सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून पहिल्या पाच ओळी गोल न जोडता जाऊन-येऊन विणाव्यात. मागे जी फट राहते तिला एक बटण आणि साखळीचे काज पुरते. सहाव्या ओळीपासून गोल जोडून घ्यावे. दुसऱ्या ओळीत दर तिसऱ्या खांबावर दोन खांब विणावेत, म्हणजे ८० होतील. पाचव्या ओळीत दर चौथ्यावर दोन घेतले की १०० होतात, आणि आठव्या फेरीत दर पाचव्यावर दोन घेतले की १२०. मधल्या फेऱ्या न वाढवता विणाव्यात. दहा ओळी झाल्या की योक साडेबारा सेंटिमीटर खोल होतो आणि या वयाला तेवढा पुरतो.

आता १२० खांबांची वाटणी करायची : पुढच्या भागाला ३६, मागच्या भागाला ३६ आणि प्रत्येक बाहीला २४. फट मागच्या ३६ खांबांच्या बरोबर मध्यावर येईल, अशा रीतीने मोजणी सुरू करावी. बाहीचे २४ खांब तसेच सोडून देऊन त्यांच्याखाली ६ साखळ्या घालाव्यात आणि पलीकडच्या भागाला जोडाव्यात. असे दोन्ही बाजूंना केले की अंगाच्या फेरीत ३६, ३६ आणि साखळ्यांचे १२ मिळून ८४ खांब येतात, म्हणजे बरोबर ६० सेंटिमीटर घेर. चार वर्षांच्या बहुतेक मुलींना तो सैलसर बसतो. तरीही नातीची छाती टेपने मोजून ढिलाईसाठी चार सेंटिमीटर धरावेत आणि कमी-जास्त वाटल्यास काखेतल्या साखळ्या बदलाव्यात. अशा चार-पाच सलग फेऱ्या झाल्या की एका फेरीत दर दुसऱ्या खांबावर दोन खांब घेऊन ८४ चे १२६ करावेत. पंख्याच्या विणीला सहाच्या पटीत खांब लागतात : एका घरात (खालच्या फेरीतल्या एका टाक्यात) पाच खांब, दोन घरे सोडून एक मुका खांब (सुईवर आधी वेढा न घेता विणलेला ठेंगणा टाका), पुन्हा दोन घरे सोडून पुढचा पंखा. १२६ खांबांवर असे २१ पंखे नेमके बसतात. पुढच्या प्रत्येक फेरीत पंखा मुक्या खांबावर आणि मुका खांब पंख्याच्या मधल्या खांबावर येईल.

वरून खाली विणण्याचा खरा फायदा नातवंडांच्या कपड्यातच कळतो. फ्रॉक अंगाला लावून पाहता येतो, आणि पुढच्या वर्षी मूल वाढले की शेवटची फेरी उसवून चार पंखे-फेऱ्या खाली वाढवता येतात. त्यासाठी त्याच लॉटचा एक गुंडा जपून ठेवावा. गळा मात्र शेवटी मुक्या खांबांची एक फेरी घालून आवळून घ्यावा, नाहीतर तो पसरत जातो.

तोरणासाठी तुम्ही वेगवेगळी फुले विणून जोडत असाल, तर त्या पद्धतीनेही घेर करता येतो. आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात क्रोशाच्या लेसचे काम पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. एकीने फुले विणायची आणि दुसरीने ती जोडायची, अशी तिथे कामाची वाटणी असते. पहिल्या फ्रॉकसाठी मात्र योकचीच पद्धत धरावी, कारण फुलांच्या जोडकामात टोके लपवण्याचे काम फार निघते.

प्रश्न : इंग्रजी नमुन्यावरून ड्रेस विणायला घेतला, पण सगळे टाके ठेंगणे आले आणि कापड पुठ्ठ्यासारखे झाले. माझे काय चुकले? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुमचे विणकाम चुकलेले नाही, शब्द चुकीच्या देशाचा वाचला गेला आहे. सुईवर आधी वेढा न घेता विणलेला आपला मुका खांब अमेरिकी नमुन्यात सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. एक वेढा घेऊन विणलेला आपला खांब अमेरिकी नमुन्यात डबल क्रोशे आणि ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल म्हटला जातो. तुमचा नमुना अमेरिकी असावा आणि तुम्ही त्यातला डबल क्रोशे ब्रिटिश अर्थाने, म्हणजे मुका खांब समजून विणला असावा. नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द कुठेही आढळला तर तो अमेरिकी समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नाव वापरत नाहीत.

प्रश्न : जाळीचा ड्रेस पारदर्शक दिसतो. अस्तर लावल्यास तो पुन्हा गरम होणार नाही का? आणि धुण्याची योग्य पद्धत कोणती? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अस्तर ड्रेसला शिवून टाकू नये. क्रोशाचे कापड लोंबते, मलमल लोंबत नाही, आणि दोन्ही एकत्र शिवली की महिन्याभरात काठ गोळा होऊ लागतो. त्याऐवजी पातळ सुती मलमलीची, बारीक पट्ट्यांची स्लिप वेगळी शिवून आत घालावी. ती सैल ठेवली तर दोन कापडांमध्ये हवा राहते आणि घाम लागलेली स्लिप रोज धुऊन ड्रेस दोन-तीन वेळा वापरता येतो. मलमल शिवण्यापूर्वी पाण्यातून काढून घ्यावी. पॉलिस्टरचे अस्तर टाळावे.

ड्रेस गार पाण्यात सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावा आणि पिळू नये. जाड टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट गुंडाळी करून दाबला की बरेचसे पाणी निघून जाते. मग तो सावलीत, खाटेवर किंवा चटईवर सपाट पसरून, हाताने मूळ मापात आणून वाळवावा. कपाटातही हँगरला न लावता घडी घालून ठेवावा.