कादंबरीतल्यासारखे मूठभर कमांडो खरंच शत्रूचा कारखाना निकामी करू शकतात का?

हो, पण अख्खा कारखाना उडवून नाही. नेमका भाग निवडून. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नॉर्वेतल्या व्हेमोर्क कारखान्याचंच बघा. 27-28 फेब्रुवारी 1943 च्या रात्री नऊ नॉर्वेजियन कमांडो तिथे गेले. झुलत्या पुलावर जर्मन पहारा, म्हणून ते दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडली आणि वर चढून मालगाडीच्या रुळांवरून कुंपणापाशी आले. तळघरात शिरायला केबलचा बोगदा वापरला. तिथे जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं, जर्मनांना अणुसंशोधनासाठी हवं असलेलं पाणी) बनत होतं; त्याच्या 18 टाक्यांनाच स्फोटकं लावली. वात दोन मिनिटांची होती, ती तोडून 30 सेकंदांची केली: कुणी मध्येच येऊन विझवायला नको. स्फोटाचा आवाज जाड भिंतींत दबला, त्यामुळे पहारेकऱ्यांना लगेच काही कळलंच नाही. सुमारे 500 किलो जड पाणी गटारात गेलं आणि एकही गोळी सुटली नाही. कादंबरीकाराला हे चालणार नाही, त्याला चकमक हवीच!

कादंबऱ्या पुढचंही गाळतात. काही महिन्यांत उत्पादन पुन्हा सुरू झालं. नोव्हेंबर 1943 मध्ये अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले आणि उरलेला साठा जर्मनीला नेणारी फेरीबोट फेब्रुवारी 1944 मध्ये तिन नावाच्या सरोवरात बुडवावी लागली. त्यात नॉर्वेचे सामान्य प्रवासीही मेले.