अर्ज तिचा की तुमचा?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला. डिजिटल हेल्थच्या (आरोग्यसेवेत संगणक, उपकरणं आणि डेटा यांचा वापर) आठ आठवड्यांच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमासाठी आम्ही तिचा अर्ज तयार केलाय, उद्देशपत्र मीच लिहून दिलं. तिला कोडिंग येत नाही, म्हणून क्लासही लावला. ती मात्र सुट्टीत कॉलेजच्या मॅडमकडे बुरशीवर काम करायचं म्हणते. या कार्यक्रमाचा आरोग्यक्षेत्रात शिरायला कितपत उपयोग होईल? – एक वडील

उत्तर : उद्देशपत्र तुम्ही लिहिलंत, हे वाचून मी थांबलो. अशा निवडीत मार्कांवरून चाळणी लागते आणि मग हेच एक पान बारकाईने वाचलं जातं. मुलाखत झालीच तर पहिला प्रश्न त्यातूनच येणार. ‘तुला हे का करायचंय?’ याला ती तुमचं पाठ केलेलं उत्तर देणार का? समजा दिलं आणि निवड झाली, तर पंचाईत आणखी मोठी. मार्गदर्शक तिच्यात जी उत्सुकता शोधतील, ती घरी तुमच्यापाशी असेल.

दुसरं जरा टोचेल. प्रवेश तिचा हुकला, भरपाई मात्र तुम्ही शोधताय. डिजिटल हेल्थ हे डॉक्टरकीचं मागचं दार नाही. या आठ आठवड्यांतून एखादा छोटा अहवाल, एखादं पोस्टर आणि मन लावून काम केलं तर शिफारसपत्र मिळतं. वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायची तिची इच्छा असेल, तर सरळ द्यावी; ती वाट तुम्हाला ठाऊक आहे.

आता क्लास. डिजिटल हेल्थ म्हणजे कोडिंग, ॲप बनवणं, हा समज फार पसरलाय. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घ्या. त्यातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटात जातो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. तरीही २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या नोंदी छापून आल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८च्या खाली निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७. ही गफलत ॲप बनवून सापडत नाही. दोन मापं शेजारी ठेवून ‘हे यंत्र मुळात कुणाकुणाच्या बोटांवर पारखलं होतं?’ असं विचारावं लागतं. नमुना दूषित तर नाही ना, तुलनेसाठी ठेवलेला कंट्रोल नमुना कुठे आहे, असे संशय घ्यायला तुमची मुलगी प्रयोगशाळेत शिकतेच आहे. पायथन ही कोडिंगची भाषा कामापुरती एका सुट्टीत येते. संशय घ्यायची सवय इतक्या लवकर लागत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : हा अर्ज पाठवू नका. तिला बुरशीवर काम करू द्या. मॅडम समोर आहेत, प्रश्न तिला स्वतःला पडलाय. दुसऱ्या वर्षात याहून जास्त काय हवं? चांगली नोंदवही आणि दोनचार फसलेले प्रयोग पुढे कुठल्याही संशोधन कार्यक्रमाच्या अर्जात उपयोगी पडतील, डिजिटल हेल्थच्याही.

पुढे कधी तिलाच या विषयाचं कुतूहल वाटलं, तर फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएच ॲरिथमिया डेटाबेस, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या नोंदींचा संग्रह, मोफत आहे. ४७ जणांच्या ईसीजीच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, हृदयरोगतज्ज्ञांनी ठोक्याठोक्यावर खुणा केलेल्या. एखादी उघडून पाहावी. कंटाळा आला तर निकाल लागला. तज्ज्ञांचं एकमेकांशी कुठे पटलं नसेल, असा प्रश्न पडला, तर पुढच्या वर्षीचं उद्देशपत्र ती तुमच्या मदतीशिवाय लिहील.

क्लासची फी भरून झाली असेल, तर तिला जायचंय का ते विचारा. नसेल जायचं, तर तुम्ही जा. पत्रावरून या विषयाची ओढ तुम्हालाच जास्त दिसते.