मार्चमधली मुंबई: पक्षी बघायला लोकल पुरते

दोन दिवसांसाठी येताय आणि गाडी नाही, याची चिंता सोडा. पण ट्रेनच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. रोहितांसाठी (म्हणजे फ्लेमिंगोंसाठी) हार्बर लाइनने सीवूड्स-दारावे गाठा, तिथून रिक्षाने डीपीएस तलाव. भरतीत ठाणे खाडीतला चिखल बुडाला की थवे अशा तळ्यांवर विसावतात. ओहोटीला परत खाडीत चरायला जातात आणि आपण रिकामं पाणी बघत बसतो. तलावात पाणीच नीट खेळत नसेल तर पक्षी तिकडे फिरकत नाहीत, म्हणून टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळही लक्षात ठेवा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आजची वेळ उद्या धरू नका. लहान रोहिताची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. पहिल्या खेपेला एवढं ओळखलंत तरी खूप झालं.

हे शनिवारीच उरका. रविवारी हार्बरवर बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद.

रविवारी बोरिवली पूर्वेला उतरून चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तेही फाटक उघडताच. नंतर सहलीची गर्दी. (सोमवारी ते बंद असतं.) आत मैलोन्मैल चालू नका. फुललेला पळस किंवा पांगारा शोधा आणि तिथेच थांबा: शिंजीर, कोतवाल, हळद्या, नशीब असेल तर मध्य आशियाकडे परतायच्या तयारीतल्या भोरड्या (गुलाबी मैना).

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. ट्रायपॉड मात्र घरीच ठेवा, लोकलमध्ये शिव्या खाल.