काश्मीरला गेलेला माल आणि 14 नोव्हेंबरची तारीख

2025 च्या दिवाळीआधी रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याने लिहिलं आहे: जुलै 2019 मध्ये श्रीनगरच्या आडत्याला 20 दिवसांच्या उधारीवर माल पाठवला, 4 लाख 60 हजार येणं आहे. उधारी 3 ऑगस्टला संपली आणि 5 ऑगस्टला काश्मीरमधले फोन, इंटरनेट सगळं बंद झालं. तो बंदीचा काळ दावा लावायच्या तीन वर्षांच्या मुदतीतून वजा होईल ना? सावदा, फैजपूरकडूनही हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो.

भाऊ, नाही होणार. पोस्टपेड मोबाइल 14 ऑक्टोबरला सुरू झाले, 4जी तर थेट फेब्रुवारी 2021 मध्ये. बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार अनुराधा भसीन यांच्या खटल्यात 10 जानेवारी 2020 रोजी सांगितलं. म्हणजे पाच महिने उलटल्यावर. लाखो माणसांचा धंदा तोवर ठप्प होता, आणि या उशिराची मला आजही चीड येते. पण त्या निकालाने कुणाच्या हातात भरपाई दिली नाही, मुदतही वाढवली नाही. एकदा सुरू झालेली मुदत नंतरच्या अडचणीने थांबत नाही, असं मुदत कायद्याचं कलम 9 सांगतं. उशीर माफ करण्याचं कलम 5 दाव्यांना लागूच नाही. सरकारवर भरपाईचा दावा करायचा विचार सोडा.

वजा होतो तो कोविडचा काळ, 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022. तो धरूनही तुमची मूळ तीन वर्षं जुलै 2024 मध्ये संपली.

तुमचं सगळं प्रकरण उभं आहे ते पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या एका ओळीवर. 14 नोव्हेंबर 2022 रोजी आडत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तुमचे पैसे बाकी आहेत, सीझननंतर देतो. मुदत चालू असताना देणेकऱ्याने लेखी कबुली दिली, तर कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. कलमाला सही लागते. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर सही म्हणून धरला जाईल का, यावर समोरचा वकील भांडेल. निकाल काय लागेल हे मी आज छातीठोक सांगणार नाही, पण दुसरा आधार तुमच्याकडे नाही. 2023 मध्ये त्याने ड्रायव्हरच्या हाती पाठवलेले 20 हजार रोख, पावती ना चिठ्ठी, मुदतीसाठी कामाचे नाहीत. तेव्हाच बँकेतून मागितले असते आणि पाठवताना हिशेबापोटी म्हणून दोन ओळी लिहून घेतल्या असत्या, तर आज ही वेळ आली नसती. पुढची दोन वर्षं तुम्ही नुसते फोन करत राहिलात! फोनवरच्या शब्दाने मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाही, हा गैरसमज तर घरोघरी आहे.

म्हणजे शेवटची तारीख 14 नोव्हेंबर 2025. त्याआधी मध्ये कोर्टाची दिवाळीची सुट्टी येते, म्हणजे हातातले दिवस आणखी कमी.

तो मेसेज मुलाकडच्या जुन्या फोनमध्ये आहे, असं तुम्ही म्हणता. तो फोन आजच ताब्यात घ्या, विकू नका, रीसेट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत लागतं. बिलं, बिल्टी (ट्रकवाल्याची पावती), काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) आणि बँकेचा उतारा एकत्र लावा.

दावा जळगाव जिल्ह्यात चालू शकेल असं मला वाटतं, कारण माल इथून भरला आणि पैसे इथल्या खात्यावर यायचे होते. बिलावर श्रीनगर न्यायक्षेत्र, म्हणजे वाद तिथल्याच कोर्टात चालेल असं, छापलेलं नाही ना, तेवढं पाहा.

रक्कम तीन लाखांवर असल्याने हा बहुधा व्यावसायिक दावा ठरेल. मग व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर दावा दाराशीच फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात, म्हणून तुमच्यासाठी हा अर्ज सगळ्यात आधी. या आठवड्यात वकिलाला घेऊन जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि तारखेचा शिक्का असलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून निघू नका.